उसनी ओळ

१

रडारची गाडी दिसायला अगदीच साधी असते. लहान मुलाची ढकलगाडी असावी तशी. चार चाकं, हाताशी एक पडदा आणि पोटाशी चपटी नारिंगी पेटी. पेटी जमिनीत लहरी सोडते, खाली काही असलं की त्या आपटून परत येतात आणि पडद्यावर भुवईसारखी कमान उमटते. गाडी वस्तूजवळ येताना अंतर घटतं, पुढे जाताना वाढतं, म्हणून कमान. नळ असो, केबल असो, नाहीतर कधीकाळी बुजवलेली टाकी असो, खोदण्याआधी या भुवया शोधायच्या, रंगाने खुणा करायच्या आणि खोदणाऱ्यांना सांगायचं की इथे खणा, तिथे खणू नका. एवढंच ते काम. त्यात भुताखेतांना जागा कुठून असणार? ताईलाही असंच वाटायचं.

ताई स्वतः गाडी ढकलत नसे. ती ऑफिसात बसून बाहेरून आलेल्या फाइली साफ करायची. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. बाहेरचं काम मास्तरांचं. बावीस वर्षं गाडी ढकललेला माणूस, हातात कला आणि जिभेवर विनोद. "जमीन आणि आमची बायको, दोघी वरून शांत दिसतात, पोटात काय चाललंय ते यंत्रालाच विचारावं," हे ते दर आठवड्याला म्हणत आणि दर आठवड्याला लोक हसत. ताईला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, न कंटाळता, एक गोष्ट चार-चारदा सांगून. त्यांचा एकच नियम होता. "फाइल उघडली की आधी फिल्टर, मग चहा, मग बाकीचं." यंत्राची स्वतःचीही थोडी घरघर असते. ती कच्च्या फाइलीत आडव्या सरळ पट्ट्यांसारखी दिसते. फिल्टर लावला की जे जे सरळ आडवं ते पुसलं जातं आणि फक्त भुवया उरतात.

ऑफिसात एक गोष्ट मात्र कोणालाच माहीत नव्हती. तीन वर्षांपूर्वी याच ऑफिसने खुणा केलेल्या एका जागेवर, भर दुपारी, फरशी फोडायचा ब्रेकर चालवणारा एक तरुण जिवंत केबलला लागून जागीच गेला होता. तो ताईचा धाकटा भाऊ. घरी त्याला टिल्लू म्हणत, कारण तो दारातून आत येताना वाकायचा. चौकशीच्या कागदावर एकच ओळ होती: कामगाराने खुणांच्या बाहेर खोदले. म्हणजे मेला तोही तो आणि चुकलाही तोच. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचे दोन्ही हात त्या दिवशी कायमचे गेले. त्या सोबत्याची म्हातारी अजूनही ताईच्या आईला रस्त्यात अडवून म्हणायची, "तुमच्या पोराने माझं पोर निकामी केलं." आई मान खाली घालून ऐकून घ्यायची. टिल्लूच्या नावावरचं ते खापर उतरवायचं, एवढ्यासाठी ताई नवऱ्याचं आडनाव लावून या ऑफिसात शिरली होती. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

२

त्या सोमवारी कॉम्प्युटरवर प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली होती आणि फिल्टर काही केल्या चालेना. मास्तरांनी शनिवारी एका शाळेच्या मैदानात गाडी चौदा समांतर ओळींत चालवून फाइल आणली होती. ताईने वैतागून कच्ची फाइलच उघडली.

वर यंत्राच्या घरघरीचे पट्टे होते, नेहमीचे. नळाच्या दोन भुवया होत्या. आणि त्यांच्या खाली, जमिनीत दीड मीटरवर, आणखी एक पट्टा होता. सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरघर एवढ्या खोल कधी दिसत नाही. ताईने चित्र मोठं केलं तेव्हा कळलं की पट्टा अगदी सपाटही नाही. ठरावीक अंतराने तो किंचित जाड होत होता. तिने मोजलं, पाऊण मीटर. पुन्हा पाऊण मीटर. पुन्हा पाऊण.

माणसाचं एक पाऊल साधारण तेवढंच पडतं, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते हसण्यावारी नेलं. मास्तर चालतात, त्यांच्या पावलांनी गाडी हलत असेल, झालं. पण चौदाही ओळींत पट्टा होता. एकही ओळ सुटली नव्हती. आणि कमानीचं साधं गणित तिला गप्प बसू देईना. जमिनीतली वस्तू जागच्या जागी असेल तर कमान दिसायलाच हवी. मातीचा थर सरळ दिसतो, पण तो पावलागणिक जाड होत नाही. असा पट्टा येतो तो दोनच कारणांनी. एक तर ती गोष्ट यंत्रातच आहे. नाहीतर खाली जे आहे ते गाडीबरोबर चालतंय.

"काय गं, चेहरा का उतरला?" दारातून जाता जाता मास्तरांनी विचारलं.

"फिल्टर चालत नाहीये."

मास्तर थबकले. त्यांचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. "मग फाइल उघडू नकोस," ते म्हणाले, "दुरुस्त होईपर्यंत थांब." या वाक्यात विनोद नव्हता, आणि ताईने त्यांचं विनोद नसलेलं वाक्य बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

३

ताई हट्टी होती. तिने ठरवलं, भुताबिताच्या नादी लागायचं नाही, एकेक कारण खोडून काढायचं.

दुसरा गाडीवाला होता, त्याला सगळे लंबू म्हणत. तिने काहीतरी निमित्त काढून त्याला त्याच मैदानात, तीच गाडी घेऊन पाठवलं. नळाच्या भुवया होत्या तिथेच आल्या. पट्टा नव्हता. म्हणजे यंत्र ठीक. मग मास्तरांचा फोन असेल. "मास्तर, फोनमुळे फाइली खराब येतायत, गाडीपाशी असताना बंद ठेवा ना," असं तिने लाडीगोडीने सांगितलं. फोन बंद, पट्टा होताच. मग त्यांचे लोखंडी टोकाचे बूट. तिने साहेबांकडून सगळ्यांसाठी रबरी बूट मागवून घेतले. मास्तर नव्या बुटांत कुरकुरत चालले आणि पट्टाही त्यांच्याखाली चालला. दुसरी गाडी दिली, तरी तेच.

शेवटी तिने या वर्षातल्या मास्तरांच्या सगळ्या कच्च्या फाइली काढल्या. पट्टा प्रत्येकीत होता. फरक एवढाच की वर्षाच्या सुरुवातीला तो अडीच मीटरवर होता. मग सव्वादोन, दोन, पावणेदोन. जागा कोणतीही असो, गोदाम असो की बाग, तो मास्तरांच्या बरोबर पायाखाली असायचा आणि दर महिन्याला थोडा वर यायचा. मास्तर मधल्या काळात तळमजल्यावरचं घर सोडून चौथ्या मजल्यावर राहायला गेले होते. "वारा छान येतो," असं त्यांनी ऑफिसात सांगितलं होतं.

ताई पडद्यापासून मागे सरकली. पण खोटं कशाला सांगायचं, भीतीच्या खाली तिला एक ओळखीची ऊब जाणवली. तिने पडद्यावरच्या त्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि हळूच हाक मारली.

"टिल्लू?"

बाजूच्या टेबलावर कोणीतरी स्टेपलर आपटत होतं. पंखा फिरत होता. ताईने बोट काढलं आणि फाइल बंद केली.

४

जुन्या जागांच्या फाइली एका कपाटातल्या डिस्कवर होत्या आणि कपाटाची किल्ली मास्तरांकडे असायची. दोन वर्षं ताई तिच्या मागावर होती. त्या आठवड्यात मास्तर किल्ली टेबलावरच विसरून गेले. ते आता बरंच काही विसरायला लागले होते.

टिल्लूच्या जागेच्या वीस ओळी होत्या. ताई जेवायच्या सुट्टीत एकेक उघडत गेली. दहाव्या ओळीत सहा मीटरवर गाडी एका खड्यावरून उडाली होती, तेवढीच एक खूण. बाकी जमीन कोरी. अकराव्या ओळीतही सहा मीटरवर गाडी खड्यावरून उडाली होती. तोच धक्का, तसाच, तेवढाच. ताईने दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. केसाचाही फरक नव्हता.

याला या धंद्यात उसनी ओळ म्हणतात. एखाद्या ओळीवर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो, काम तर आजच उरकायचं असतं. मग शेजारची ओळ उतरवून तिच्यावर पुढचा आकडा घालतात. अर्ध्या मीटरच्या अंतराने जमिनीत असा काय मोठा फरक पडणार? बहुतेक वेळा पडत नाही. त्या जागी पडला होता. अकराव्या ओळीखाली केबल होती आणि टिल्लू खुणेच्या आत, मास्तरांनी मोकळी म्हणून रंगवलेल्या जागेत, बिनघोर खणत होता. नंतर फरशी फुटली, तिच्याबरोबर रंगही गेला आणि चौकशीत मास्तरांनी हात झटकून सांगितलं की पोरगा बाहेर गेला.

ताईला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की डोळ्यांसमोरचं सगळं एकदम ठळक दिसायला लागलं. न कंटाळता चार-चारदा समजावून सांगणारा तो प्रेमळ आवाज आठवला आणि तिला वाटलं की त्या आवाजाचा गळा धरावा. तिने दोन्ही ओळी छापून घेतल्या. मग शाळेच्या त्या मैदानाची कच्ची फाइलही छापली.

५

पुढचं काम एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. लांबलचक रिकामा हॉल, काँक्रीटची जमीन, उंचावरच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन. मदतनीस सुट्टीवर होता म्हणून ताई टॅबलेट घेऊन सोबत गेली. गाडीवर जे दिसतं ते टॅबलेटवरही दिसतं. मास्तरांनी गाडी हॉलच्या पलीकडच्या टोकाला लावली. ताई तिथपर्यंत गेली आणि तिने तिन्ही कागद त्यांच्या हातात दिले.

त्यांनी ओळींचे कागद पाहिले. मग तिसरा पाहिला आणि पालथ्या बादलीवर मटकन बसले.

"फिल्टर न लावता बघितलंस," ते म्हणाले. "आधी फिल्टर, हे मी उगाच शिकवलं नव्हतं गं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बराच काळ. आधी वाटलं, यंत्र. मग वाटलं, वय झालं. आता चाललो की तळव्यांना कळतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तोच आहे. त्या जागेवरचा पोरगा. दुसरं कोण असणार?"

"त्या जागेवरचा पोरगा माझा भाऊ होता," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी माफी मागितली नाही, सबबही सांगितली नाही, एवढंच विचारलं, "काय करू सांग."

"लिहा. जे झालं ते, जसंच्या तसं. खाली सही."

त्यांनी कामाच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं. अकरावी ओळ चाललो नाही, दहावी उतरवली, मुलगा खुणेच्या आतच खणत होता, चौकशीत मी खोटं बोललो. एकही शब्द पळवाट काढणारा नव्हता. ताईने दोनदा वाचून कागद पिशवीत ठेवला. तीन वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद पिशवीत होता. आता शांत वाटायला हवं होतं. ती चाळीस पावलं चालून हॉलच्या या टोकाला, दारापाशी येऊन उभी राहिली.

पलीकडे मास्तरांनी गाडीवरचा पडदा रुमालाने झाकला, गाडी चार पावलं ढकलली आणि हाक दिली. "मला बघवत नाही, तू बघ बरं. गेला का?"

टॅबलेटवर गाडीखालची जमीन दिसत होती. काँक्रीटमधल्या सळ्यांच्या बारीक भुवया, ओळीने, शिवणीच्या टाक्यांसारख्या. त्यांच्या खाली पट्टा होता. साठ सेंटीमीटर. शाळेच्या मैदानात तो दीड मीटरवर होता.

"बघतेय," ताई म्हणाली.

"गेलाच असणार!" मास्तरांचा आवाज हॉलभर घुमला. ते हसत होते. खरंच, सुटलेल्या माणसासारखे हसत होते. "सुटलो बाई एकदाचा. छातीवरचा धोंडा उतरला बघ!"

ते हसू ताईला सोसलं नाही. टिल्लू सुटला नव्हता. आई सुटली नव्हती. हातांशिवाय जेवायला बसणारा तो पोरगा सुटला नव्हता. आणि हा माणूस पाच ओळी लिहून मोकळा झाला होता, आता डबा खाणार होता, चौथ्या मजल्यावर वाऱ्यात बसणार होता.

"काही दिसत नाही, मास्तर," ती म्हणाली. "साफ आहे. या इकडे गाडी घेऊन."

ते निघाले. चाकांचा खडखड आवाज आणि त्यांचं गुणगुणणं. ताईची नजर टॅबलेटवरून हलेना. पट्टा पन्नासवर आला. चाळीस. मध्येच ती ओरडू शकली असती, आणि तोंड उघडलंही होतं, पण आवाज काढला नाही. तीस. वीस. दहा. पट्टा सळ्यांना भिडला. तिथे तरी अडेल असं तिला वाटलं, कारण सळ्यांच्या वर फक्त चार बोटं काँक्रीट होतं, तिथे काही मावायला जागाच नव्हती. पट्टा सळ्यांच्या वर आला.

खडखड थांबली. चाकं थांबली की चित्रही थांबतं, म्हणून ताईने मान वर केली.

मास्तर हॉलच्या मधोमध उभे होते आणि खाली बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आपण खोटं बोललो हे त्यांना कळलंय, हे ताईला कळलं. ते ओरडले नाहीत. त्यांची उंची काहीतरी चुकत होती. गाडीची मूठ नेहमी त्यांच्या कमरेला यायची, ती आता बरगड्यांना लागत होती. उन्हाचा एक चौकोन त्यांच्या समोर पडला होता आणि त्यात काँक्रीट गुळगुळीत होतं, कुठे तडा नाही. ताईने डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा मास्तर गाडीशेजारी आडवे पडले होते.

डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. वय होतं, पटण्यासारखं होतं. नवे रबरी बूट तेवढे पायांत नव्हते. धावपळीत कुठेतरी पडले असतील असं सगळे म्हणाले, आणि ताईनेही मान डोलावली.

६

कागदाने आपलं काम केलं. चौकशी पुन्हा उघडली आणि महिन्याभरात नवा कागद आला: कामगार खुणांच्या आतच खोदत होता. त्या सोबत्याची म्हातारी स्वतः घरी आली, आईचे हात धरून रडली. आईने त्या रात्री म्हणे पहिल्यांदा सलग झोप काढली.

मास्तरांचं टेबल आवरायचं काम ताईकडे आलं. तिने त्यांच्या सगळ्या जुन्या फाइली एकदा डोळ्यांखालून घातल्या, आणि एक गोष्ट तिला खटकली. अपघातानंतरचं पहिलं अख्खं वर्ष साफ होतं. पट्टा नाहीच. मग एका मंगळवारी, एका बागेच्या जागेवर, चित्राच्या अगदी तळाशी, चार मीटरवर, तो पहिल्यांदा दिसत होता. त्याआधीच्या शुक्रवारी नव्हता.

रविवारी ती आईकडे गेली. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. ताईने मनावरचं ओझं म्हणून तिला सगळं सांगून टाकलं. पट्टा, हॉल, आपण काय बोललो ते, बूट. आईचे हात मध्येच थांबले.

"एकच कळत नाही बघ," ताई म्हणाली. "टिल्लूने वर्षभर वाट का पाहिली असेल?"

"टिल्लूने?" आईने विचारलं.

"मग कोणी?"

"अगं, त्याला सकाळी मारलेली थप्पड दुपारी आठवायची नाही. शाळेत त्याचं डोकं फोडलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी घरी जेवायला घेऊन आला होता तो." आईने तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर एका परक्या माणसाकडे बघितल्यासारखी होती. "डूख धरणारा नव्हता तो. ती सवय तुझी. लहानपणापासून तुझी."

तो मंगळवार ताईला आठवला. बागेची जागा. नोकरीचा पहिला दिवस. मास्तर गाडी ढकलत पुढे चालले होते, काम समजावून सांगत होते, आणि ती वही घेऊन मागून चालत होती. चौकशीत टिल्लूला चुकला म्हणणाऱ्या त्या माणसाच्या पाठीकडे बघत, प्रत्येक पावलाला, दात आवळून, एकच वाक्य मनात म्हणत होती: जमिनीने गिळावं याला.

"तो सुटलो म्हणून हसला, एवढ्यावरून?" आई विचारत होती. "लिहून दिलं होतं ना त्याने? मग? अगं, काय केलंस तू हे! माझ्या टिल्लूचं नाव घेऊन..."

"माझं चुकलं असं म्हणतेस?" ताईचा आवाज चढला. "मी तीन वर्षं झिजले. तू काय केलंस? मान खाली घालून ऐकत राहिलीस! आणि आता मलाच..."

राग आला होता. तोच, स्वच्छ, सगळं ठळक करणारा. आईच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती वेगळी दिसत होती. तिचे अनवाणी पाय दिसत होते, फरशीवर टेकलेले.



"आई," ती म्हणाली, "पाय वर घे."